अजिंक्यतारा चढताना बँडवर वॉक मोड लावू नका

सहा महिने हा फिटनेस बँड मनगटावर घालून रोज सकाळी साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढतेय, म्हणून मनापासून लिहिते. चालण्याचे तीन मोड आहेत, आउटडोअर वॉक, इनडोअर वॉक आणि हायकिंग, आणि मोड चुकला की सगळा हिशोब चुकतो. आउटडोअरला जीपीएस चालू होतं, अंतर बऱ्यापैकी बरोबर येतं. इनडोअरला जीपीएस बंद, नुसत्या हाताच्या हालचालीवरून पावलं मोजून अंदाजे अंतर काढतो, त्यामुळे बँडच्या हातात भाजीची पिशवी असली की पावलं कमी पडतात, मंडईतून घरी येताना हे कितीदा बघितलंय मी.

पण खरा फरक चढावर कळतो. किल्ल्याच्या चढाला वेग कमी होतो, धाप लागते, नाडी 140 च्या वर जाते, आणि साध्या वॉकमध्ये त्याची नोंद नुसती हळू चाल म्हणून होते, इतकं वाईट वाटायचं ना! हायकिंग लावलं की किती मीटर चढलो तेही दिसतं, कारण या बँडमध्ये हवेचा दाब मोजून उंची काढणारा सेन्सर आहे. स्वस्तातल्या बऱ्याच बँडमध्ये तो नसतो, घेताना दुकानात आवर्जून विचारा.

चालणं आपोआप ओळखायचं फीचर मात्र उशिरा जागं होतं, साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकापर्यंतची चाल कधीकधी धरतच नाही. मी हाताने सुरू करते. बॅटरी चांगली आहे.