व्हेटर्नरी इंटर्नशिपमधलं पॅथॉलॉजी (रोगनिदान) पोस्टिंग : पाचपैकी चार तारे

पोस्टमॉर्टेम हॉलचा वास आंघोळीनंतरही जात नाही, आधीच सांगते. पण शिकायला मिळतं ते जबरदस्त. एक संकरित वासरू आलं होतं, लसिकाग्रंथी सुजलेल्या, चौथ्या पोटात पंच मारल्यासारखे व्रण. सर फक्त 'स्मिअर कर' म्हणाले, म्हणजे काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरायचा. जिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकात बघितलं तर लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारची पांढरी पेशी) कॉख बॉडीज, म्हणजे थायलेरिया या गोचिडांतून पसरणाऱ्या परजीवीची खूण! हा थायलेरिया पुस्तकात कितीदा वाचला असेल, डोक्यात शिरला तो इथे. जनावर अचानक मेलेलं, नाकातोंडातून न गोठलेलं काळपट रक्त, असं असेल तर मात्र सुरी खालीच. आधी कानाच्या शिरेतून स्मिअर, अँथ्रॅक्स (माणसालाही होणारा जीवघेणा जिवाणूजन्य रोग, शव उघडलं की पसरतो) नाही ना ते बघायचं. यात सर कुणाचंही ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे.

एक तारा कापला एक्झॉस्ट फॅनसाठी. नमुने टिकवायच्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात. गमबूट स्वतःचे न्या, तिथले गळके आहेत.