फ्रान्समध्ये कालव्याकाठी सायकल: मिदी, नांत-ब्रेस्त की निव्हर्ने?

दहा-बारा दिवस हाताशी आहेत, फ्रान्सला जायचंय, गाड्यांचा आवाज नको, डांबर कमीत कमी हवं आणि वाटेत जुनी गावं, किल्ले, चर्च असं काहीतरी हवं, तर कुठला रूट घेऊ, हे मला गेल्या वर्षभरात चार जणांनी तरी विचारलं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मी निवडलेले तिन्ही रूट कालव्याकाठचे आहेत, कारण चढांशी झटापट न करता खेड्यापाड्यांतून शांतपणे जायचं तर या वाटांना तोड नाही. पूर्वी याच वाटेवरून घोडे आणि माणसं दोरखंडाने बोटी ओढत चालायची, म्हणून वाट जवळपास सपाट आणि थेट गावांच्या पोटातून जाणारी. नीरेच्या कालव्याच्या कडेने मुरुमाच्या रस्त्यावर ज्यांनी सायकल हाणलीये त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल, ग्रॅव्हल ग्रॅव्हल म्हणतात ते आपलं तेच.

एक शब्द आधी सांगते, लॉक. बोटीला वरच्या पातळीवर न्यायचं तर दोन दारांच्या मधल्या हौदात तिला घ्यायचं, खालचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, बोट वर आली की वरचं दार उघडायचं. पाण्याचा जिनाच. सायकलवाल्याला लॉक म्हणजे दहा-पंधरा पेडलांचा छोटा चढ, शेजारी एक बसकं घर आणि बहुतेक वेळा सावलीला एखादा बाक.

आता पहिला, सगळ्यात प्रसिद्ध, कनाल द्यु मिदी. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या थो खाडीपर्यंत २४० किमी. १६६६ ते १६८१, म्हणजे आपल्याकडे महाराज आग्र्याहून सुटून आले त्या वर्षी तिकडे याला परवानगी मिळाली आणि पंधरा वर्षांत कालवा तयार! पिएर-पॉल रिके हा माणूस इंजिनियर नव्हता, मिठाचा कर गोळा करायचं काम होतं त्याचं, पण सगळ्यांना अडलेला प्रश्न त्याने सोडवला. प्रश्न असा की अटलांटिककडून चढत आलेला कालवा भूमध्याकडे उतरवायचा तर मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून? त्याने काळ्या डोंगरातले, म्हणजे मोंताञ नुआरमधले ओढे अडवले, साँ-फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि पाटातून ते पाणी नोरूझच्या खिंडीत आणून सोडलं. तिथून अर्धं पाणी एका समुद्राकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे. कामाच्या ऐन भरात बारा हजारांच्या आसपास माणसं राबत होती, त्यात बायकाही खूप होत्या. रिके १६८० मध्ये वारला, कालवा सुरू झाला १६८१ च्या मे महिन्यात. मी नोरूझला झाडाखाली डबा खाताना हे नवऱ्याला वाचून दाखवलं आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

इतिहासात हा रूट बाकी दोघांना सहज मागे टाकतो. कास्तेलनोदारी, मग कार्कासोनचा दुहेरी तटबंदीचा किल्ला, ल सोमायचा कमानी पूल, डोंगराच्या पोटातून १६५ मीटर आरपार जाणारा मालपाचा बोगदा. बोगद्याच्या वरच्या टेकडीवर एन्सेऱ्यून म्हणून प्राचीन वस्तीचे अवशेष आहेत, तिथवर चढून नक्की जा, कारण वरून मोंतादीचं कोरडं तळं दिसतं. मध्ययुगात आटवलेलं हे तळं, मधोमध एक बिंदू आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखी निघालेली शेतं. आणि बेझियेला फोनसेरान, आठ हौदांचा सलग जिना, साडेएकवीस मीटरचा उतार. बोटी उतरताना बघायला लोक जत्रेसारखे जमतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडली. प्रत्येक जुन्या लॉकच्या घरावर एक पाटी असते, त्यावर त्या लॉकचं नाव आणि मागचं लॉक किती मीटरवर, पुढचं किती मीटरवर ते लिहिलेलं. मला तीन दिवसांत सवयच लागली, जीपीएस बघायचंच सोडलं, पाटी वाचायची आणि निघायचं.

पण मिदीच्या वाटेबद्दल फोटो बघून फसू नका. तुलूजपासून सुरुवातीचे पन्नासेक किमी गुळगुळीत डांबर, सायकल ट्रॅकच म्हणा. ओद जिल्हा लागला की मुरूम, माती, आणि पुढे बेझियेच्या अलीकडे बऱ्याच ठिकाणी एक फूट रुंदीची पायवाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत, आणि मधे प्लेन, म्हणजे चिनारच्या जातीच्या झाडांची मुळं अशी वर आलेली की मनगटं भरून येतात. कापेस्तांगच्या आसपास तर मी तासाला आठ-नऊ किमीनेच चालले होते. ४० मिमी टायर हवेतच, आणि हवा जरा कमी ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर तिथली चिकणमाती मडगार्डमध्ये अशी बसते की काडीने खरवडत बसावं लागतं, मी बसलेय.

दुसरं दुःख सावलीचं. या कालव्यावर साधारण ४२ हजार प्लेन वृक्ष होते, त्यांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ मध्ये तो कालव्यावर पहिल्यांदा सापडला आणि उपाय एकच, झाड तोडून जाळायचं. हजारो झाडं गेली. नवी लावलीयेत, दुसऱ्या जातींची, पण ती अजून खांद्याएवढी. कुठे कुठे दहा-दहा किमी उघडाबोडका काठ लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिकडचं ऊन आपल्या एप्रिलसारखं भाजतं. त्यामुळे मे किंवा सप्टेंबर. आणि दिशा तुलूजकडून समुद्राकडेच ठेवा, कारण तिथला सेर नावाचा वारा पश्चिमेकडून येतो, तो पाठीवर हवा. कधी उलटा ओतां वारा सुटला तर मात्र तोंडावर झेलावा लागतो, तेव्हा ट्रेन पकडा, त्यात कमीपणा काही नाही. कास्तेलनोदारी, कार्कासोन, नारबॉन, बेझिये, आग्द, सगळीकडे स्टेशन आहे किंवा जवळ आहे, ही या रूटची मोठी सोय.

दुसरा, नांत ते ब्रेस्त. ब्रिटनी प्रांत, म्हणजे फ्रान्सचं पश्चिमेचं टोक, आणि एकूण लांबी साधारण ३६० किमी. हा कालवा रिकेच्या कालव्याहून सव्वाशे-दीडशे वर्षांनी धाकटा. इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्त बंदराची नाकेबंदी केली, समुद्रातून रसद पोचेना, म्हणून नेपोलियनने आतूनच पाण्याचा रस्ता काढायचं ठरवलं. काम सुरू झालं १८११ मध्ये, पुरं झालं १८४२ ला, तोवर नेपोलियनही नव्हता आणि लढाईही नव्हती. ग्लोमेलला एक खोल चर आहे, साधारण तीन किमी लांब, तो कैद्यांकडून खणून घेतला, १८२३ ते १८३२. आज त्याच्या दोन्ही काठांवर इतकी दाट झाडी आहे की सायकलची चेन सोडून दुसरा आवाज नाही, आणि माहिती नसेल तर माणूस नुसतं किती छान म्हणून पुढे निघून जातो. थोडं थांबा तिथे.

इथली वाट तिघांत सगळ्यात चांगली, हे मी ठामपणे सांगते. दाबून बसवलेला बारीक मुरूम, दोन सायकली शेजारी शेजारी गप्पा मारत जातील एवढी रुंद, पाऊस पडला तरी पाणी निचरून जातं. आणि पाऊस पडणारच, ब्रिटनी आहे ती, आपल्या कोकणासारखा धो धो नाही पण दिवसभर भुरभुर चालू. रेनकोट पिशवीच्या तळाशी ठेवू नका. साध्या हायब्रिड सायकलवर, ३५ मिमी टायरवर, अगदी दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊनही हा रूट होतो. जोसलँला नदीच्या पाण्यातून उभे राहिल्यासारखे किल्ल्याचे तीन बुरूज, रोआं घराण्याचा किल्ला तो, मालेत्र्वाला लाकडी चौकटींची तिरकी घरं, त्यांच्यावर कोरलेली गमतीशीर जनावरं, मग पोंतिव्ही, ज्याला काही काळ नेपोलियनव्हील असंच नाव होतं. पोंतिव्हीच्या अलीकडे लॉकची अशी रांग लागते की एक संपलं की दुसरं समोर दिसतंच. त्या उंचवट्याला पाणी पुरवणारा इल्व्हेर्नचा पाट साठेक किमी वळणं घेत येतो आणि त्याच्याही कडेने सायकल जाते, वेळ असेल तर एक दिवस त्याला द्या.

एक खोच मात्र आहे. मधे गेरलेदांचं धरण आहे, १९२० च्या दशकात बांधायला घेतलेलं, त्यात कालव्याचा मोठा तुकडा लॉकसकट बुडाला. त्यामुळे बोटीने सलग जाता येत नाही, सायकलला मात्र वळसा आहे, थोडे चढउतार पायाला जाणवतात. २०१५ मध्ये तपासणीसाठी धरण रिकामं केलं तेव्हा बुडालेली लॉक्स आणि भिंती चिखलातून वर आल्या होत्या, मी फोटोच पाहिलेत, आणि उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ दिसतं ना, अगदी तेच डोळ्यांसमोर आलं. धरणाच्या वरच्या अंगाला बोन-रेपोचा बाराव्या शतकातला मठ, मुक्कामाला उत्तम जागा.

शाकाहारी लोकांसाठीही माझं मत ब्रिटनीला. तिथल्या गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचे पातळ, जाळीदार धिरडे, आत चीज, मश्रूम, अंडं खात असाल तर अंडं. गावोगावी मिळतात आणि पोट भरतं. मिदीकडचा कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्यात बदक नाहीतर सॉसेज, त्यात घेवडा तेवढा वेगळा काढून देता का असं विचारलं तर स्वयंपाकी दुखावतो.

तिसरा, निव्हर्ने. हा फारसा कोणाला माहीत नसतो आणि म्हणूनच मी तो मुद्दाम घातलाय. बरगंडीमध्ये ओसेर ते दसीझ, १७४ किमी. १७८४ ला सुरुवात, मधे राज्यक्रांती वगैरे, पुरा होईपर्यंत १८४० चं दशक उजाडलं. हा बांधला सरपणासाठी! पॅरिसच्या चुली आणि शेकोट्या मोर्व्हांच्या जंगलातल्या लाकडावर पेटायच्या. ओंडके ओढ्यांत सोडायचे, क्लामसीला अडवून त्यांचे लांबच लांब तराफे बांधायचे आणि यॉन नदीतून, सेनमधून थेट पॅरिसला न्यायचे. तराफ्यावर उभे राहून ते नेणाऱ्या माणसांचा पुतळा क्लामसीच्या पुलावर आहे.

शांतता म्हणाल तर हाच. सप्टेंबरच्या एका मंगळवारी सकाळी आठ ते अकरा आम्हाला एक बगळा, एक मासे धरणारे आजोबा आणि एक बंद बेकरी एवढंच भेटलं. ओसेर ते क्लामसी हा भाग सोपा, वाटेत सोस्वाचे चुनखडीचे कडे पाण्यावर झुकलेले. त्याच्या पुढे वाट मिश्र होते, कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे नुसतं गवत. सार्दीला तीन-साडेतीन किमीत सोळा लॉक्स, जंगलातून चढत जाणारी, आणि माथ्यावर कोलांसेलचे तीन बोगदे. बोगद्यांत काठाची वाटच नाही, बोटी आतून जातात, आपण वरून झाडीतून. वेल वाढलेल्या त्या दगडी घळीत डोकावून बघाच. आणि क्लामसीपासून एक दिवस वाकडी वाट करून व्हेझलेला जा, जिथे ११४६ मध्ये दुसऱ्या क्रुसेडचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचं आवाहन झालं त्या गावची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च. शेवटचा चढ खडा आहे, मी उतरून ढकलली सायकल.

अडचण अशी की इथे सोयी विरळ. ट्रेन ओसेर, क्लामसी आणि शेवटी दसीझला आहे, मधे भरवसा धरू नका. सोमवारी दुकानं बंद, दुपारी बारा ते दोन जेवायचं नाहीतर मग रात्रीच, त्यामुळे ब्रेड, चीज, केळी पिशवीत असू द्या. दिवसाला ४५-५० किमीच्या वर प्लॅन करू नका, आणि पंक्चरचं सामान स्वतःचं. मी एका दुकानातून भाड्याने सायकल घेतली होती, मागचा टायर झिजलेला होता, निघताना बघितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी दोनदा पंक्चर. टायर बोटाने दाबून, सगळा फिरवून बघा, मगच पैसे द्या.

तर पहिल्यांदाच परदेशात सायकल नेत असाल, किंवा घरच्यांना घेऊन, तर डोळे झाकून नांत-ब्रेस्त, आणि सगळा नको, रदों ते पोंतिव्ही चार-पाच दिवसांत आरामात. इतिहासाचं वेड असेल आणि खडबडीत वाटेची तयारी असेल तर मिदी. माणसांपासून लांब जायचं असेल, मोडकंतोडकं फ्रेंच येत असेल तर निव्हर्ने, आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा पाठवलं तर मी तिथेच जाईन. आणि चार दिवसच असतील, तर मिदीच्या उत्तरेला माझामे ते बेदारियू ही जुन्या रेल्वेची वाट आहे, ऐंशीएक किमी, बोगदे आणि लोखंडी पूल, तीही गोड आहे.

आपल्याकडचे बरेच रँडोनियर, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला मारणारे सायकलवाले, दर चार वर्षांनी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या राइडला जातात, पुढची २०२७ मध्ये, त्यांना एक खास सांगणं. लुदेआक आणि कारे ही तुमची कंट्रोलची, म्हणजे थांबून शिक्का घ्यायची गावं, कारे तर कालव्याच्या अगदी जवळ. ज्या ब्रिटनीतून रात्री डोळे ताणत, ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदीच्या कार्डावर, शिक्के मारत जाल, तीच राइड झाल्यावर चार दिवस काढून दिवसाउजेडी बघा, व्हिसा तेवढा आधीच जास्त दिवसांचा मागून घ्या. टीजीव्ही या वेगवान गाड्यांमध्ये सायकलची जागा वेगळी बुक करावी लागते, ती लवकर संपते, टीईआर या छोट्या प्रादेशिक गाड्यांत त्यामानाने सोपं पडतं.

आणि पाणी. फ्रेंच खेड्यात नळ शोधत फिरू नका, सरळ दफनभूमीत जा, फुलांना घालायला तिथे नळ असतोच. फक्त वर ‘नों पोताब्ल’, म्हणजे पिण्यायोग्य नाही, असं लिहिलेलं नाही ना ते बघून मग बाटली भरा, आणि निघताना फाटक ओढून घ्या.