लिंक्डइनचं मोफत खातं: सोलापुरातल्या एका युनिफॉर्मवालीचं मत

पाचपैकी चार. धंद्याच्या किंवा नोकरीच्या ओळखी वाढवायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यानं, त्यातून पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्यानं, लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या ॲपवर हे खातं उघडावंच असं माझं मत आहे. मात्र अनोळखी मोठ्या माणसांच्या मागे लागण्यासाठी नाही. अर्धवट ओळखीची, नजरेआड झालेली माणसं शोधण्यासाठी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. शाळेचे गणवेश, नर्सचे ड्रेस, स्क्रब सूट (डॉक्टर-नर्स हॉस्पिटलात घालतात ते सैल कपडे), हाउसकीपिंगचे कपडे असं सगळं शिवतो. कटिंग मिस्टर बघतात, शिलाई आणि फिनिशिंग जाऊबाई, ऑर्डर आणि वसुली माझ्याकडे. आमच्या लाइनीत ऑर्डर येते ती एजंटाकडून, नाहीतर पाहुण्यारावळ्यांच्या ओळखीतून. शाळेचा सीझन पावसाबरोबर ओसरतो, मग मशीन रिकामी राहतात आणि कारागीर दुसरीकडे जातात. बारमाही काम असतं हॉस्पिटलांचं आणि कंपन्यांचं, आणि तिथल्या पर्चेसवाल्या माणसापर्यंत आमच्यासारख्यांचा हात पोचत नाही. मला तो माणूस हवा होता, म्हणून मी हे ॲप घेतलं. सासऱ्यांनी पहिला प्रश्न केला, “हे आहे कुणाचं? उद्या बंद पडलं तर?” 2003 पासून चालू आहे आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलंय म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

सगळ्यात कामाची सोय कुठे आहे ते सांगते, कारण नवीन माणसाला ती चटकन सापडत नाही. सर्चमध्ये आपल्या कॉलेजचं नाव टाकायचं, कॉलेजचं पान उघडायचं, आणि त्यात माजी विद्यार्थ्यांचा विभाग बघायचा. कोण कुठल्या शहरात आहे, कुठल्या कंपनीत आहे, काय काम करतं, अशी चाळणी तिथे लावता येते. मी संगमेश्वर कॉलेजची. शहर पुणे निवडलं, कामात खरेदी आणि प्रशासन निवडलं, आणि सात रस्ता चौकातून रोज सायकलनं कॉलेजला येणारी माणसं आज कुठे बसली आहेत ते समोर आलं. सोलापूरचं शिकलेलं पोर पुण्याला जातं, हैदराबादला जातं, हे आपण घरोघरी बघतो. ते गेलं म्हणून हळहळतो. पण ते तिकडे कुठल्या खुर्चीत बसलंय, हे कळायची सोय आपल्याकडे नव्हती. या एका विभागासाठी मी चार गुण देते.

त्यात मला दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या एक मॅडम दिसल्या. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या प्रशासनात. गॅदरिंगच्या कमिटीत त्यांना पाहिलेलं, बोलणं फारसं झालेलं नव्हतं. त्यांना मी असं लिहिलं: “नमस्कार मॅडम, मी संगमेश्वरची, तुमच्या मागच्या बॅचची. सोलापुरात हॉस्पिटलचे युनिफॉर्म शिवते. ऑर्डर मागत नाही. नर्सिंग स्टाफच्या कपड्यांबद्दल तुमच्याकडे कोणत्या तक्रारी येतात, एवढं सांगितलंत तर फार मदत होईल.” दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. गडद निळा रंग लॉन्ड्रीत धुऊन फिका पडतो, खिसा उथळ असल्यानं वाकलं की पेन आणि कात्री खाली पडते, आणि बाहेरगावचा सप्लायर मोठ्या मापाचे नग कमी पाठवतो. एजंटानं हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्याला भाव ठरवण्यापुरताच कपड्याशी संबंध.

आम्ही खिसा खोल केला, त्याच्या तोंडाला दुहेरी शिलाई घातली, पेनासाठी वेगळी पट्टी काढली. कापड बदलून, बरेच वेळा धुऊन पाहून मग सॅम्पल पाठवलं. मॅडमनी ते स्वतः पर्चेसवाल्या सरांकडे नेलं. पुढे हुतात्मा एक्सप्रेसनं मी आणि मिस्टर जाऊन समक्ष भेटून आलो, दर आणि उधारीची मुदत बोललो, आणि छोटी का होईना, ऑर्डर मिळाली. आता तिथूनच दुसऱ्या एका हॉस्पिटलचं नाव कळलंय.

हे माझ्या एकटीचं नशीब नाही. 1973 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं मांडलं होतं की नोकरीची बातमी घट्ट मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच 2 कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्यात नोकरी बदलायला सर्वात उपयोगी ठरल्या त्या मध्यम ओळखी: अगदी जवळच्या नाहीत, अगदी परक्याही नाहीत. त्याच अभ्यासात असंही निघालं की डिजिटल कारभार कमी असलेल्या उद्योगांत घट्ट ओळखीच जास्त कामी येतात. अभ्यास नोकऱ्यांचा होता, ऑर्डरींचा नव्हे. पण आमच्या धंद्यात मला दोन्ही गोष्टी पटतात. दार उघडलं लांबच्या ओळखीनं, आणि उधारीवर माल द्यायची वेळ आली तेव्हा ते हॉस्पिटल पैसे वेळेवर देतं का, याची चौकशी मी पुण्यातल्या मावसदिरांकडूनच करून घेतली.

प्रोफाइलबद्दल थोडक्यात. नावाखालची जी ओळ असते तिला 220 अक्षरांची मुभा आहे, आणि लोक तिथे नुसतं ‘प्रोप्रायटर’ किंवा ‘फ्रेशर’ लिहून मोकळे होतात. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? मी लिहिलंय: हॉस्पिटल युनिफॉर्म उत्पादक, सोलापूर, स्क्रब, एप्रन, ओटी (ऑपरेशन थिएटर) लिनन, छोट्या ऑर्डरही घेतो. इंग्रजीत लिहिलंय, कारण पर्चेसवाले इंग्रजीतच शोधतात. ॲप मात्र मराठीत वापरता येतं, सेटिंगमध्ये भाषा बदलायची. जाऊबाई मराठीतच वापरतात आणि शिलाईचे जवळून काढलेले फोटो त्याच टाकतात. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल आठवतो, युनिफॉर्मचं एवढं मोठं काम इथे चालतं हे कित्येकांना ठाऊक नसतं. फोटोखाली ‘सोलापूर’ लिहायला आम्ही विसरत नाही.

एक गुण कशासाठी कापला? मोफत खात्यातून ओळख (म्हणजे ‘कनेक्ट’ची विनंती) पाठवताना सोबत चिठ्ठी जोडायची मुभा महिन्याला मोजक्याच वेळा मिळते, आणि ओळख न स्वीकारलेल्याला थेट मेसेज करायला पैसे भरावे लागतात. नवख्याला नेमकी तिथेच मोकळीक हवी असते. त्यावर उपाय म्हणजे कॉलेजवाल्यांना साधी ओळख पाठवायची, त्यांनी स्वीकारली की मेसेज फुकट जातो, आणि चिठ्ठ्या राखून ठेवायच्या त्या आपल्याला मुळीच न ओळखणाऱ्यांसाठी. तिथेही आधी मधला माणूस बघावा. समोरच्याची आणि आपली सामाईक ओळख कोण, ते प्रोफाइलवर दिसतं. त्या माणसाला फोन करून “माझं नाव त्यांच्या कानावर घालाल का?” असं विचारलेलं शंभर मेसेजपेक्षा बरं.

दुसरी गोष्ट, मुख्य पानावर प्रेरणादायी पोस्टींचा पूर असतो. तिथे रेंगाळायचं नाही. मी थेट सर्चवर जाते.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी दोन सूचना, भाच्याला सांगते तशाच. नोकरी हवी असल्याची खूण सगळ्यांना न दाखवता फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते, पण सध्याच्या कंपनीला ती कळणारच नाही याची खात्री लिंक्डइनही देत नाही. आणि मुलाखतीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुणी पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवायचं, कंपनीचं नाव कितीही मोठं असो.

प्रीमियमचा महिनाभराचा मोफत ट्रायल बऱ्याचदा मिळतो. तो घेतला तर कार्डातून पैसे कटायच्या आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्यासारख्या छोट्या युनिटला सुरुवातीला त्याची गरज नाही.

गरज आहे ती ॲपमधल्या क्यूआर कोडची. सर्चच्या पट्टीतच तो सापडतो. युनिफॉर्मच्या प्रदर्शनात स्टॉलवर येणारा माणूस व्हिजिटिंग कार्ड घेतो आणि हॉटेलवर विसरतो. म्हणून आम्ही कोडची प्रिंट काढून स्क्रबच्या सॅम्पलशेजारी लावतो. कोड स्कॅन केला की आमचं प्रोफाइल उघडतं, आणि तिथून ओळख पाठवणाऱ्याला त्याच रात्री मेसेज जातो: कुठलं सॅम्पल हातात घेऊन पाहिलंत, कापडाबद्दल काय विचारलंत, आणि दरपत्रक कधी पाठवू. हा मेसेज जाऊबाई लिहितात, कारण स्टॉलवर कोण काय बोललं ते त्यांना शब्दन्शब्द लक्षात राहतं.