सजीवांच्या वर्गीकरणाचा अभ्यास (अकरावी जीवशास्त्र): एनसीईआरटी की स्टेट बोर्डचं पुस्तक?

आधी परीक्षा कोणती ते ठरवा. फक्त सीईटी देऊन फार्मसी किंवा कृषीला जायचं असेल, तर हा प्रश्नच फारसा उरत नाही. सीईटीला अकरावीचे मोजकेच धडे असतात आणि अलीकडच्या यादीत वर्गीकरणाचे धडे नाहीत. यंदाची यादी एकदा बघून घ्या, आणि कॉलेजच्या परीक्षेपुरतं स्टेट बोर्ड वाचून मोकळे व्हा.

मेडिकलच्या प्रवेशासाठी असलेल्या नीट परीक्षेचं गणित वेगळं. तिथे 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. आणि प्रश्न येतात ते बहुतेक एनसीईआरटीच्या वाक्यांवर बेतलेले. त्यामुळे माझं मत एनसीईआरटीलाच.

स्टेट बोर्डचं पुस्तक वाईट आहे असं मुळीच नाही. कार्ल वूज यांची सगळ्या सजीवांना तीन डोमेनमध्ये, म्हणजे तीन मोठ्या गटांत, विभागणारी पद्धत, डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जाती ओळखणं) हे सगळं त्यात आहे, आणि वाचायला मजाही येते. एनसीईआरटी तीन डोमेन एका वाक्यात उरकतं. त्याचा सगळा भर व्हिटेकर यांच्या 1969 च्या पंचसृष्टीवर, म्हणजे सजीवांना पाच सृष्टींत विभागणाऱ्या पद्धतीवर. पेशीभित्तिका कशाची, केंद्रकपटल आहे का, पोषण कसं, हा तिथला तक्ता तोंडपाठच हवा. उलट हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), प्राणिसंग्रहालयं ही वर्गीकरणाची साधनं नीटच्या 2024 च्या अभ्यासक्रमातून गेली. नीटसाठी त्यात वेळ घालवू नका.

एनसीईआरटी वाचतानाही एका जागी थांबा. क्लॅमिडोमोनास आणि क्लोरेला या एककोशिक शैवालांना व्हिटेकरनी पॅरामेशियम, अमिबाच्या पंगतीला प्रोटिस्टा या सृष्टीत बसवलं, असं दुसरा धडा सांगतो. तिसऱ्या धड्यात वनस्पतिसृष्टी उघडली की क्लॅमिडोमोनास हिरव्या शैवालांत हजर! छपाईची चूक नव्हे ही. एककोशिक शैवालं कुठे ठेवायची यावर एकमत नव्हतंच. प्रश्न व्हिटेकरच्या निकषांवर आहे की शैवालांच्या गटांवर, ते बघून उत्तर द्यायचं. विषाणू आणि दगडफूल पाचही सृष्टींच्या बाहेर, हेही घाईत निसटतं.

क्लासच्या नोट्स उजळणीला ठीक, पहिल्या वाचनाला नकोत.

मराठीतून नीट देणार असाल तर संज्ञा इंग्रजीतूनही पाठ करा. प्रश्नपत्रिकेत दोन्ही भाषा असतात, पण अर्थाबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूरच धरला जातो.