६० युनिट, २,७६० डॉलर. पोलिसाचा बिल्ला वेगळा

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) विषयांच्या यादीत ‘क्रिमिनल जस्टिस’ शोधत बसलात तर बरेचदा हाती काही लागत नाही. तिकडे या विषयाचं नाव ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’, बोलीत ‘एजे’. घ्यायचीच तर ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ घ्या, म्हणजे पुढे विद्यापीठात नेणारी दोन वर्षांची पदवी. ६० युनिट (श्रेयांक) पूर्ण केले की कॅल स्टेट विद्यापीठ-समूहात जागेची हमी आणि पुढे ६० युनिटांत बॅचलर. हमी समूहाची असते, लाँग बीच किंवा सॅन होजे असं नाव घेऊन नाही. पालकांची गफलत इथेच होते.

राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर फी, म्हणजे सगळे मिळून २,७६०. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना राज्याच्या प्रॉमिस ग्रँट या फीमाफी योजनेत तेही माफ होऊ शकतं. एवढ्या पैशात कॉलेजची दोन वर्षं, तक्रारीला जागा नाही. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांचा हिशोब मात्र निराळा. वर नॉन-रेसिडेंट ट्यूशन (बाहेरच्यांची जादा फी), सत्राला किमान १२ युनिट आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. शिकवतात ती कॅलिफोर्नियाची दंडसंहिता, शिवाय नुसती असोसिएट घेऊन परतलात तर एमपीएससीला लागणारी बॅचलर हातात नसतेच. खास या विषयासाठी पुण्याहून तिकडे जाण्यात अर्थ नाही.

मुख्य विषयाचे किमान १८ युनिट. दोन पेपर सक्तीचे: विषयाची ओळख करून देणारा एजे ११० आणि फौजदारी कायद्याचा एजे १२०. (हे राज्यस्तरीय क्रमांक; कॉलेजचा स्वतःचा क्रमांक वेगळा असू शकतो.) बाकीचे पुरावा, तपास, फोरेन्सिक, बालगुन्हेगारी वगैरेंतून निवडायचे. खरा कस १२० मध्ये लागतो. आपण ‘घरफोडी’ म्हणतो त्यात फोडणं आलंच. कलम ४५९ च्या बर्गलरीत काहीही फोडावं लागत नाही. चोरीच्या किंवा फेलनीच्या (गंभीर गुन्ह्याच्या) इराद्याने आत शिरलात की गुन्हा पुरा. दुकान उघडं असताना ९५० डॉलरपर्यंतचा माल चोरायला शिरलात तर ते २०१४ च्या प्रॉपोझिशन ४७ या जनमताने झालेल्या कायद्यापासून शॉपलिफ्टिंग, कलम ४५९.५. रॉबरी, कलम २११, याला माणसासमोर जबरदस्ती किंवा धाक लागतो. ‘आमच्या बंद घरात रॉबरी झाली’ असं लिहिणाऱ्याचे गुण तिथेच गेले. उत्तरात गुन्ह्याचा एकेक घटक मांडून प्रसंगाशी जुळवावा लागतो. गोष्ट सांगून भागत नाही. तसंच मिरांडाचं, म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे हे पोलिसांनी सांगण्याचं. पोलिसांचा ताबा आणि चौकशी, दोन्ही असेल तरच तो इशारा लागतो. मालिका बघून आलेली मुलं अटक झाली की लगेच मिरांडा लिहितात.

तपासाच्या पेपरात हाताने करायचं थोडं, पण उपयोगाचं असतं. रक्ताळलेला कपडा आधी वाळवून कागदी पिशवीत घालायचा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. पिशवीवर सील, सही, तारीख, वेळ. पुढे ती ज्याच्या ज्याच्या हातात गेली त्याची नोंद. या नोंदींच्या साखळीत एक दुवा निखळला की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

शिक्षक बरेचसे अर्धवेळ, निवृत्त पोलीस किंवा वकील. शक्य असेल तर १२० वकिलाकडे आणि तपास डिटेक्टिव्हकडे घ्या. उलटं झालं की कायद्याच्या तासाला युद्धकथा ऐकाव्या लागतात.

वेळेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. तीन युनिटचा वर्ग म्हणजे १८ आठवड्यांच्या सत्रात वर्गातले तास आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला ९ तास, असे चार वर्ग म्हणजे ३६. नोकरी करत असाल तर दोनच घ्या. आणि छोट्या कॉलेजात काही पेपर वर्षातून एकदाच निघतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात समुपदेशकाबरोबर सगळ्याच सत्रांचा आराखडा करून घ्या.

या पदवीने पोलीस होता येत नाही. त्यासाठी ‘पोस्ट’ या राज्याच्या पोलीस-प्रशिक्षण आयोगाची मान्यताप्राप्त अकॅडमी, किमान ६६४ तासांची, वेगळी करावी लागते. काही कॉलेजं तीही चालवतात, पण वर्ग आणि प्रवेश दोन्ही स्वतंत्र. शिवाय पार्श्वभूमी तपासणी. फेलनीची शिक्षा झालेली असेल तर दार बंदच. एफबीआयच्या स्पेशल एजंटला तर बॅचलर हवी.

पुस्तकांवर पैसे घालण्याआधी वेळापत्रकात शून्य पुस्तकखर्चाची खूण असलेला वर्ग बघा. दंडसंहिता राज्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते, आणि १२० साठी तीच शेजारी उघडी असावी लागते.