पैसे खात्यात खरोखर जमा झाले होते, तरीही फसलो (जुना कॅमेरा विकताना)

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोय. गेल्या पाच आठवड्यांत ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी हेच विचारलं, "क्यूआर स्कॅन केलास का? पिन टाकलास का?" नाही केला. पिन टाकला नाही, लिंक उघडली नाही, ओटीपी कोणाला दिला नाही, स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवला नाही. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ४६,५०० रुपये जमा झालेले स्वतःच्या डोळ्यांनी बघितले, मगच वस्तू हातातून सोडली. तरी कॅमेरा गेला, ते ४६,५०० हात लावता येणार नाहीत असे अडकलेत, आणि वर माझंच अख्खं खातं गोठवलंय.

निकॉन डी७५०० आणि १८-१४० ची लेन्स, ४८,००० ला जाहिरात टाकली होती. दोन दिवस नुसते "लास्ट प्राइस?" वाले मेसेज. तिसऱ्या दिवशी याचा फोन आला. स्वच्छ मराठी, दर वाक्याला दादा, शटर काउंट किती, लेन्सला फंगस आहे का, बॉक्स आहे का, बिल आहे का, सगळं माहीतगारासारखं विचारलं. घासाघीस करून ४६,५०० वर आला. मग म्हणाला दादा, हल्ली फसवणूक फार होते, तेव्हा एका चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहून ती कॅमेऱ्याशेजारी ठेवा आणि फोटो पाठवा, म्हणजे वस्तू खरंच तुमच्याकडे आहे याची खात्री पटेल. मला उलट बरं वाटलं, म्हटलं माणूस सावध आहे, म्हणजे सरळ असणार. फोटो पाठवला, बॉक्सवरच्या सिरियल नंबरचा पाठवला, ३० सेकंदांचा व्हिडिओ पण पाठवला. शेवटी क्यूआर मागितला, तोही दिला. क्यूआर दिल्याने पैसे येतात, जात नाहीत, हे मला माहीत होतं आणि ते खरंच आहे.

रविवारी सकाळी ११ वाजता "भाचा" घ्यायला आला. विशीतला पोरगा, पाठीला सॅक, हेल्मेट काढलंच नाही. त्याने कॅमेरा हातात घेऊन बघितल्यासारखं केलं, मामाला फोन लावला, आणि दहा मिनिटांत माझ्या फोनवर मेसेज आला.

आता इथे नीट वाचा, कारण मी रोज रात्री इथेच अडकतो. पैसे पाठवणारीचं नाव एका बाईचं होतं, आणि फोनवरच्या माणसाच्या आडनावाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला माझी लिमिट संपली दादा, बिझनेस पार्टनरच्या खात्यावरून टाकलेत. पटलं. पण त्या पेमेंटखाली एक रिमार्क होता, आणि तो बायकोने वाचला. "कॅमेरा फुल पेमेंट, प्लीज शिप टुडे." ती म्हणाली, अहो, हे शिप टुडे काय? घ्यायला आलेला माणूस तर दारात उभाय. मी म्हणालो, अगं लिहिलं असेल काहीतरी, पैसे आलेत ना? आणि बॅग त्या पोराच्या हातात दिली. दारात उभं राहून चार्जर आणि जास्तीची बॅटरी पण आठवणीने दिली.

तो रिमार्क लिहिणारी बाई दुसऱ्या राज्यात बसून माझ्या कॅमेऱ्याची वाट बघत होती. या माणसाने माझे फोटो, माझा व्हिडिओ, ती चिठ्ठी (चिठ्ठीवरचं नाव तो तिला स्वतःचं म्हणून सांगत होता) सगळं वापरून तिला तोच कॅमेरा विकला, पैसे भरायला माझा क्यूआर दिला, आणि वस्तू माझ्या दारातून उचलली. त्याच्या स्वतःच्या खात्यातून एक रुपया इकडे तिकडे झाला नाही. म्हणजे तिच्या दृष्टीने चोर कोण? मी. खातं माझं, नाव माझं, पैसे माझ्याकडे.

तिने तक्रार केली, आणि तिने बरोबरच केलं, मीही तेच केलं असतं. बुधवारी पेट्रोल पंपावर पेमेंट फेल, परत केलं, परत फेल. बँकेत गेलो तर म्हणे डेबिट फ्रीझ आहे, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर काढणं बंद. खात्यात १,८३,४१२ रुपये होते. वाद ४६,५०० चा आणि बंद केले सगळे. मी म्हटलं तेवढ्या रकमेवर लिअन लावा (म्हणजे तेवढीच रक्कम अडकवून ठेवा), बाकीचं सोडा, पगार यात येतो, हप्ता यातून जातो. काउंटरवरचा म्हणाला सर वरून आलंय, आमच्या हातात काही नाही. नोटीस दाखवा म्हटलं तर कॉन्फिडेन्शियल. तीन चकरा मारल्यावर तिच्या तक्रारीचा १४ आकडी अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तोवर १८,२४० चा होम लोनचा हप्ता बाउन्स झाला होता आणि बाउन्सचे ५९० माझ्याच माथी. स्वतःच खातं बंद करायचं आणि खात्यातून हप्ता गेला नाही म्हणून स्वतःच दंड लावायचा, हा कुठला न्याय आहे?

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पलीकडून विचारलं किती रुपये डेबिट झाले? म्हटलं डेबिट नाही, कॅमेरा गेलाय. सर, ट्रान्झॅक्शन आयडी सांगा. अहो ट्रान्झॅक्शन माझ्याकडे जमा झालंय! मग पोलीस स्टेशनला जा. पोलीस स्टेशनला पावणेदोन तास बाकावर बसवलं आणि वर ऐकवलं, "पैसे आलेत ना तुम्हाला? मग तक्रार कसली?" फ्रीझचं सांगितलं तर ती तक्रार तिकडच्या राज्यातली, तिकडे जा. मी दुसऱ्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून नेलं. १ जुलै २०२४ पासून कायद्यातच लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची. आणि इथे तर वस्तू माझ्या घरातून गेली, हद्द त्यांचीच! त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. साधा अर्ज घेतला, पोच पण मागून मागून मिळाली. शेवटी १७३ च्याच पोटकलम ४ खाली रजिस्टर पोस्टाने एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिसला सगळं पाठवलंय. कोणी तुम्हाला असं परत पाठवलं तर लगेच पाठवा, मी बारा दिवस उगाच हेलपाटे घातले.

तिकडच्या तपास अधिकाऱ्याने सतराव्या दिवशी फोन उचलला. स्टेटमेंट, आधार, चॅट, बिल, अ‍ॅफिडेव्हिट सगळं मेल करा म्हणाले. नोटरी वगैरे धरून ९५० रुपये गेले. मेल केला. आठवडाभराने म्हणे मेल दिसत नाही, परत करा. परत केला. आता म्हणतात समक्ष या. जाऊन येऊन तीन दिवसांची सुट्टी, कशासाठी, तर मी चोर नाही हे सांगायला. आणि ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांचं ठरलेलं उत्तर, आम्ही फक्त खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देतो. त्याचं अकाउंट तर अजूनही तिथे चालू होतं, परवा दिसलं मला!

मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी सांगावं, जमा झालेले खरे पैसे खोटे आहेत हे ओळखायचं कसं? एकच मार्ग आहे, आणि तो मला आता कळतोय. देणारा समोर उभा हवा, त्याने तुमच्या समोर त्याच्या फोनवरून तुमचा क्यूआर स्कॅन करायला हवा, आणि जमा झालेलं नाव आणि त्याचं ओळखपत्र एकच हवं. भाचा, ड्रायव्हर, पार्टनर काही चालवून घेऊ नका. क्यूआर आधी चॅटवर पाठवू नका. चिठ्ठीवाला फोटो मागितला तर तुमचं स्वतःचं नाव आणि "फक्त समक्ष विक्री, कुरिअर नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे तो फोटो पुढे कोणाला दाखवायच्या कामाचा राहत नाही. दुसऱ्याच नावाने पैसे आलेच तर वस्तू देऊ नका, आणि "या दुसऱ्या नंबरवर परत टाका" म्हणाला तर अजिबात टाकू नका, बँकेला लेखी कळवा आणि जिथून आले तिथेच परत जाऊ द्या.

पगाराच्या खात्याचा क्यूआर असल्या व्यवहाराला वापरू नका, हे तर मी आता शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगत सुटलोय. वेगळं छोटं खातं ठेवा. नंबर संशयास्पद वाटला तर नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर सस्पेक्ट तपासायची सोय आहे, तिथे टाकून बघा, मी ते सगळं घडून गेल्यावर केलं. खातं गोठलं तर बँकेला लेखीच विचारा, कोणत्या कलमाखाली, किती रकमेसाठी, कोणत्या ऑफिसच्या पत्रावरून. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय की फ्रीझ वादातल्या रकमेपुरताच ठेवायचा, हे पण त्या पत्रात लिहा. ३० दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालकडे जाता येतं. माझे ३० दिवस गेल्या आठवड्यात संपले, तक्रार टाकली आहे.

त्या बाईशी एकदा बोलणं झालं, अधिकाऱ्याने नंबर दिला म्हणून. पहिली पाच मिनिटं तिने मला वाट्टेल ते बोलून घेतलं. मी चिठ्ठीचा मूळ फोटो, त्या पोराबरोबरचं सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं फुटेज पाठवलं, तेव्हा ती गप्प झाली. मुलाला बारावीनंतर घेऊन द्यायचा होता म्हणाली. मग म्हणाली, तुमचं सगळं खरं असेल, पण माझे ४६,५०० मला द्या. आणि मी म्हणालो, ताई, माझा कॅमेरा? दोघांकडेही उत्तर नव्हतं.

कॅमेऱ्याची खूण सांगून ठेवतो. उजव्या बाजूच्या ग्रिपचं रबर खालून सुटलं होतं, ते मी काळ्या ग्लूने चिकटवलंय, कोपऱ्यात तांदळाएवढा ग्लूचा थेंब वाळलेला दिसेल. लेन्सच्या झाकणाच्या आतून पांढऱ्या पेनाने मुलीने चांदणी काढलेली आहे. बॉक्स आणि बिलासकट असा डी७५०० कोणी तुम्हाला स्वस्तात देत असेल तर पैसे भरू नका, मला कळवा, सिरियल नंबर जुळवून बघू.