रबर की गोळी? अन्ननलिकेतल्या शिरांचं माझं गणित

सिरोसिस आहे, म्हणजे यकृत निबर झालंय, दुर्बिणीत अन्ननलिकेतल्या शिरा मोठ्या दिसल्यात, पण रक्त अजून एकदाही पडलेलं नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन वाटा सांगतात: शिरांना रबरी बँड लावून घ्या, नाहीतर कार्व्हेडिलॉल ही दाब उतरवणारी गोळी सुरू करा. मी दोन्ही करून बसलोय. (रक्ताची उलटी होऊन गेली असेल तर हे वाचू नका, तिथे सहसा दोन्ही लागतं.)

मन आधी बँडवर होतं. फुगलेली शीर टोपीत ओढायची, बुडाशी रबर सोडायचं, ती सुकून जाते. मूळव्याधीला लावतात तीच युक्ती. पण एका बैठकीत भागत नाही. शिरा जाईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. उपाशीपोटी कऱ्हाडहून पुणे, गुंगीचं इंजेक्शन म्हणून सोबत मुलगा, त्याची रजा. तेही चालवून घेतलं असतं.

नाही झेपले ते नंतरचे दिवस. रबर गळतं तिथे जखम राहते आणि क्वचित तिथूनच रक्त येतं. म्हणजे दोन-तीन दिवस छातीत घास अडकल्यासारखं, भाकरी बंद, गार ताकभात. आणि पुढे दहा-बारा दिवस रोज सकाळी संडासात टॉर्च मारून रंग बघायचा, काळा म्हणजे आत रक्त गेल्याची शंका. दुसऱ्या बैठकीनंतर नवव्या दिवशी काळंभोर दिसलं. तसेच गाडी काढून पळालो. निघालं काय, तर लोहाची गोळी! मुलगा काही बोलला नाही, पण परतताना रेडिओही लावला नाही त्याने.

गोळीचीही कटकट आहेच. ६.२५ मिलिग्रॅमवरून १२.५ वर नेताना झटकन उठलो की भिंत धरावी लागायची. अजूनही मिनिटभर पलंगाच्या काठावर बसून मगच उठतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणून घरात मशीन. दमेकऱ्यांना ही वाट बहुतेक बंदच. आणि मनाने गोळी सोडणाऱ्यांनी तर बँडच लावावा. पण बँड दिसणारी शीर बांधतो, गोळी यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाबच उतरवते. पोटात पाणी होण्याचा धोकाही त्याने कमी होतो. सोसली तर सारखी दुर्बीणही घालावी लागत नाही.

प्रत्येकाचं यकृत वेगळं, मान्य. तरी डॉक्टरांना एवढं विचाराच, माझी नाडी नि दाब ही गोळी सोसेल का? हो म्हणाले, तर मी तुमच्या जागी आधी तीच घेतली असती.